मक्की आणि मदनी : कुराणाच्या अध्यायांचा इतिहास

कुराणाच्या बहुतेक छापील प्रतींत प्रत्येक अध्यायाच्या माथ्यावर एक नक्षीदार पट्टी असते. तीत अध्यायाचे नाव असते, त्यातील वचनांची संख्या असते आणि ‘मक्की’ किंवा ‘मदनी’ असा एक लहानसा शब्द असतो. तो अध्याय पैगंबरांच्या मक्केतील काळात अवतरला की मदिनेतील काळात, एवढेच तो शब्द सांगतो. कुराणाचे पठण करणारा भाविक हा शब्द उच्चारीत नाही. कारण तो धर्मग्रंथाचा भाग नव्हे. तो माणसांच्या स्मरणातून आलेला आहे. पहिल्या पिढीने तो जपला, दुसरीने विचारून घेतला, पुढच्या पिढ्यांनी पारखून पाहिला आणि छापखान्यांच्या युगात तो प्रत्येक अध्यायाच्या कपाळी उमटला. ईश्वरी वचन आणि त्याचा मानवी इतिहास यांची सरमिसळ होऊ न देता दोहोंचेही जतन करण्याचा जो प्रयत्न इस्लामी विद्वानांनी शतकानुशतके केला, त्याची ही खूण आहे. ती ओळखल्यावाचून कुराण वाचू जाणारा मनुष्य, मग तो श्रद्धेने वाचो की टीकेच्या दृष्टीने वाचो, वाट चुकण्याचा संभव फार असतो.

कुराणाचे ११४ अध्याय आहेत. अध्यायाला अरबीत सूरा म्हणतात आणि त्यातील एकेका वचनाला आयत म्हणतात. आज सर्वाधिक प्रचारात असलेल्या कूफा परंपरेच्या गणनेप्रमाणे एकंदर वचने ६,२३६ भरतात. अध्यायांच्या लांबीत मोठी तफावत आहे. दुसऱ्या अध्यायात २८६ वचने आहेत, तर १०८ व्या अध्यायात अवघी तीन. आरंभी ‘अल्-फातिहा’ ही सात वचनांची प्रार्थना येते. तिच्यामागून मोठे अध्याय आधी व लहान नंतर, असा स्थूल क्रम दिसतो. ही रीत जगाला अपरिचित नाही. ऋग्वेदाच्या जुन्या मंडलांतही एकेका देवतेची सूक्ते ऋचांच्या उतरत्या संख्येने लावलेली आहेत, आणि बायबलच्या नव्या करारातील संत पौलाची पत्रे काळाच्या क्रमाने नसून बव्हंशी लांबीच्या क्रमाने येतात. परंतु या रचनेचा एक परिणाम होतो. परंपरेने ज्याचा आरंभ सर्वांत आधी अवतरला असे मानले आहे, तो अध्याय ग्रंथात ९६ वा आहे. आणि ग्रंथातील दुसरा अध्याय अवतरणाच्या रूढ क्रमात ८७ वा आहे. म्हणजे पहिल्या पानापासून क्रमाने वाचणारा वाचक नकळत मदिनेच्या उत्तरकाळात प्रवेश करतो आणि मक्केतील पहिले उद्गार त्याला अगदी अखेरीस भेटतात.

अध्यायांच्या नावांनीही नवख्याचा गोंधळ उडतो. गाय, मधमाशी, मुंगी, कोळी, लोखंड, अंजीर अशी ही नावे आहेत. ती विषयदर्शक मथळे नव्हेत. त्या अध्यायात आलेला एखादा ठळक शब्द किंवा प्रसंग घेऊन लोक त्याचा निर्देश करू लागले आणि तेच नाव रूढ झाले. पाठांतरावर चालणाऱ्या समाजात अशा खुणेच्या शब्दाचा उपयोग सहज लक्षात येतो. म्हणूनच एका अध्यायाला दोन नावेही आढळतात. सतराव्या अध्यायाला अरबस्तानात ‘अल्-इसरा’ म्हणतात, तर भारतीय प्रतींत तो पुष्कळदा ‘बनी इस्राईल’ या नावाने छापलेला असतो.

मुसलमानांच्या श्रद्धेप्रमाणे कुराण एकाच वेळी ग्रंथरूपाने लोकांच्या हाती आलेले नाही. सुमारे तेवीस वर्षांच्या अवधीत, प्रसंगाप्रसंगाने ते हजरत महंमद पैगंबरांवर अवतरत गेले. परंपरा असे सांगते, की इ. स. ६१० च्या सुमारास मक्केजवळच्या हिरा नावाच्या गुहेत ते एकांतात असता देवदूत जिब्रील प्रकट झाला आणि त्याने पठण करण्याची आज्ञा केली. ९६ व्या अध्यायाची पहिली पाच वचने ती हीच. त्याच अध्यायातील पुढची वचने मात्र नंतरची आहेत. मक्केतील विरोध सुरू झाल्यावरचा रोष त्यांत उमटलेला आहे. आरंभीच्या साक्षात्कारानंतर काही काळ खंड पडला. पैगंबर व्याकूळ झाले. ईश्वराने यांना टाकले असे म्हणून विरोधकांनी कुचेष्टा केली. तेव्हा सकाळच्या उन्हाची आणि निवांत रात्रीची शपथ घेऊन सांत्वन करणारा ९३ वा अध्याय अवतरला, असे सांगतात. अनाथाशी कठोर वागू नये व याचकाला झिडकारू नये, हा त्याचा शेवट आहे. पैगंबर स्वतः अनाथ वाढले होते, हे ठाऊक असलेल्या वाचकाला त्या शब्दांचे वजन निराळेच जाणवते.

मक्केतील अध्याय बहुधा आखूड, वेगवान आणि शपथांनी भरलेले आहेत. एक ईश्वर, मृत्यूनंतरचा न्याय आणि धनवंतांचा निष्ठुरपणा हे त्यांचे विषय. जुन्या विद्वानांनी त्यांच्या काही भाषिक खुणाही टिपून ठेवल्या. ‘कल्ला’ हा निषेधाचा अरबी शब्द कुराणात ३३ वेळा, १५ अध्यायांत येतो, आणि ते सर्व अध्याय मक्की आहेत. मक्केत विरोधकांशी झगडा चालू होता. झिडकारणारा तो शब्द तेथेच शोभणारा होता.

याच काळातील ८० व्या अध्यायाची कथा प्रसिद्ध आहे. पैगंबर एके दिवशी कुरैश टोळीच्या बड्या लोकांशी बोलत होते. त्यांचे मन वळले तर पुष्कळ काम सुकर होईल, अशी त्यांना आशा होती. इतक्यात अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम नावाचा आंधळा मनुष्य तेथे आला आणि आपल्याला धर्माचे काही शिकवावे, असे मध्येच म्हणू लागला. पैगंबरांच्या कपाळाला आठी पडली व त्यांनी तोंड फिरविले. तेव्हा जो आवडीने आला त्याच्याकडे दुर्लक्ष आणि जो बेपर्वा आहे त्याच्यामागे धावणे, याबद्दल दोष देणारी वचने अवतरली. पुढे पैगंबर या आंधळ्या सोबत्याचे मोठ्या आदराने स्वागत करीत आणि मदिनेत तो मशिदीत बांग देत असे. शिया भाष्यकारांपैकी पुष्कळांचे म्हणणे असे, की आठी घालणारी व्यक्ती पैगंबर नसून दुसरी कोणी होती. पण वचने कोणासंबंधी आहेत याविषयी मतभेद असला, तरी ती वगळावी असे कोणाच्याही मनात आले नाही. तो दोषारोप नमाजाच्या पठणात आजही म्हटला जातो.

मक्केतील छळ असह्य झाला, तेव्हा सुमारे ६१५ साली काही अनुयायांनी समुद्र ओलांडून हबशी लोकांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूस, आश्रय घेतला. तेथील राजा नजाशी ख्रिस्ती होता. निर्वासितांना परत न्यावे म्हणून कुरैशांनी भेटवस्तू देऊन वकील पाठविले. राजाने निर्वासितांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकले आणि तुमच्या पैगंबराने आणलेले काही म्हणून दाखवा, असे सांगितले. तेव्हा पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर यांनी ‘मरियम’ या अध्यायाचा आरंभ म्हटला. जखऱ्याची म्हातारपणीची प्रार्थना आणि येशूच्या मातेची प्रसूतिवेदना यांचे वर्णन त्यात आहे. ते ऐकून राजा व त्याचे धर्मगुरू यांचे डोळे पाणावले आणि निर्वासितांना अभय मिळाले, असे पैगंबरांच्या प्राचीन चरित्रात नमूद आहे. या अध्यायाच्या माथ्यावर ‘मक्की’ हा शब्द असतो. वाचणाऱ्याला हा प्रसंग ठाऊक असेल तर तो शब्द कोरडा राहत नाही. आपल्या गावात जागा न उरलेल्या मूठभर माणसांनी परक्या दरबारात हीच वचने म्हटली, ही गोष्ट त्यातून ऐकू येते.

तिसाव्या अध्यायाचे मूळ तर थेट जगाच्या इतिहासाला जोडलेले आहे. ६१४ साली इराण्यांनी रोमी साम्राज्याकडून जेरुसलेम जिंकून घेतले. रोमी लोक हरले असले तरी थोड्याच वर्षांत विजयी होतील, असे या अध्यायाच्या आरंभी म्हटले आहे. पुढे ६२७ साली सम्राट हेराक्लियसने निनवेजवळ इराण्यांचा मोठा पराभव केला. मक्केतील एका लहानशा, छळ सोसणाऱ्या जमातीचे लक्ष दोन साम्राज्यांच्या झुंजीकडे कसे लागले होते, हे या अध्यायावरून कळते.

६२२ साली पैगंबरांनी मक्का सोडली व ते मदिनेस गेले. हीच हिजरत, हिजरी सनाची गणना याच वर्षापासून होते. आता अनुयायांचा एक समाज बनला. त्याला विवाह, वारसा, कर्ज, उपवास, युद्ध, तह यांविषयी नियम हवे होते. मदनी अध्यायांची वचने लांब झाली, त्यांचा सूर उपदेशकाचा व विधिनिर्मात्याचा झाला, आणि श्रद्धावंतांना उद्देशून केलेले संबोधन त्यांत वरचेवर येऊ लागले. दुसऱ्या अध्यायात प्रार्थनेची दिशा जेरुसलेमकडून मक्केकडे वळविल्याचा उल्लेख आहे. हा बदल हिजरतीनंतर सोळा-सतरा महिन्यांनी झाला, असे परंपरा सांगते. आठवा अध्याय ६२४ च्या बद्रच्या लढाईशी, तिसऱ्याचा मोठा भाग ६२५ च्या उहुदच्या पराभवाशी, तेहतिसावा ६२७ च्या खंदकाच्या वेढ्याशी आणि अठ्ठेचाळिसावा ६२८ च्या हुदैबियाच्या तहाशी जोडलेला आहे. ज्याला पैगंबरांचे चरित्र अवगत आहे, त्याला हे अध्याय म्हणजे त्या त्या घटनेनंतर उमटलेला प्रतिध्वनी वाटतात.

परंतु मदनी अध्याय लढाया व तहांचेच आहेत असे नव्हे. ५८ व्या अध्यायाचा जन्म एका स्त्रीच्या गाऱ्हाण्यातून झाला. खौला नावाच्या स्त्रीला तिच्या नवऱ्याने रागाच्या भरात, तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी आहेस, असे म्हटले. जुन्या अरबी रूढीप्रमाणे एवढ्या बोलण्याने बायको नवऱ्याला वर्ज्य होई. पण तिला मोकळीकही मिळत नसे. म्हातारपणी मुलाबाळांसह आपण कोठे जावे, असे म्हणत खौला पैगंबरांशी हुज्जत घालीत राहिली. तेव्हा तिचे म्हणणे ईश्वराने ऐकले आहे, अशा आशयाने आरंभ होणारा अध्याय अवतरला आणि ती रूढी निंद्य ठरवून प्रायश्चित्त सांगितले गेले. या अध्यायाला ‘वाद घालणारी स्त्री’ असेच नाव आहे. पुढे हजरत उमर खलिफा असताना एका म्हातारीने त्यांना वाटेत थांबविले आणि ते मुकाट्याने ऐकत उभे राहिले. सोबतच्यांनी आश्चर्य केले, तेव्हा जिचे गाऱ्हाणे स्वर्गात ऐकले गेले ती हीच खौला, मग उमरने का ऐकू नये, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले, अशी कथा आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अध्याय मक्की किंवा मदनी म्हटला, तरी त्यातील प्रत्येक वचन त्याच काळातील असते असे नाही. परंपरेप्रमाणे एखादे वचन अवतरले की पैगंबर लेखनिकाला बोलावून, हे अमुक अध्यायात अमुक ठिकाणी घाला, असे सांगत. त्यामुळे मक्की अध्यायात मदनी वचने आणि मदनी अध्यायात मक्की वचने सापडतात. ७३ व्या अध्यायातील बहुतेक वचने आखूड व मक्की आहेत. पण शेवटचे एकच वचन इतके लांब व इतक्या निराळ्या वळणाचे आहे, की पुष्कळ विद्वानांनी ते मदनी मानले. मुळात ‘मक्की’ म्हणजे काय, यावरही विचार झाला. जागा पाहावी की काळ? बहुसंख्य विद्वानांनी काळ धरला. हिजरतीपूर्वीचे ते मक्की आणि नंतरचे ते मदनी, मग ते कोठेही अवतरलेले असो. ११० वा अध्याय पैगंबरांच्या अखेरच्या हजयात्रेत मक्केलगतच्या मिना येथे अवतरला, असे एक मत आहे; तरीही त्याची गणना मदनीतच होते. कैरोच्या छापील प्रतीत स्वीकारलेल्या गणनेनुसार ८६ अध्याय मक्की व २८ मदनी आहेत.

पैगंबर ६३२ साली निवर्तले, तेव्हा कुराण अनेकांच्या मुखोद्गत होते आणि खजुराच्या फांद्या, पातळ दगड, कातडे व जनावरांच्या खांद्याची हाडे यांवर विखुरलेले लिहिलेले होते. त्यानंतर थोड्याच महिन्यांत यमामाच्या लढाईत पुष्कळ पाठक कामी आले. असेच पाठक मरत राहिले तर कुराणाचा काही भाग नाहीसा होईल, ही भीती हजरत उमर यांनी खलिफा अबू बकर यांच्याकडे बोलून दाखविली. पैगंबरांनी जे केले नाही ते आपण कसे करावे, म्हणून अबू बकर प्रथम कचरले; पण शेवटी त्यांनी झैद इब्न साबित या तरुण लेखनिकाकडे ते काम सोपविले. डोंगर हलविण्याचे काम सांगितले असते तर याहून हलके वाटले असते, असा झैद यांचा उद्गार परंपरेने जपला आहे. ते संकलन पुढे उमर यांच्याकडे व त्यांच्यामागे त्यांची कन्या, पैगंबरांची पत्नी हफ्सा, यांच्याकडे राहिले.

तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात, ६५० च्या सुमारास, दुसरा पेच उभा राहिला. आर्मीनिया व आझरबैजानच्या मोहिमेवर सीरियाचे व इराकचे सैनिक एकत्र आले आणि पठणातील फरकांवरून त्यांच्यात वाद होऊ लागले. हे पाहून सेनानी हुजैफा यांनी खलिफांना सावध केले. उस्मान यांनी हफ्सा यांच्याकडील प्रत मागविली, झैद व कुरैश टोळीतील तिघे यांच्याकडून नकला करविल्या, त्या मुख्य शहरांना पाठविल्या आणि बाकीची लिखिते जाळून टाकण्याची आज्ञा दिली. कूफा येथील इब्न मसऊद या ज्येष्ठ सोबत्यांना ही गोष्ट रुचली नाही. त्यांच्या प्रतीतील अध्यायांचा क्रमही निराळा होता, असे जुने लेखक सांगतात. हे मतभेद इस्लामी ग्रंथांतच नोंदलेले आहेत, हे विशेष.

मग सहजच प्रश्न येतो, की झैद यांनी अवतरणाच्या क्रमानेच अध्याय का लावले नाहीत? हजरत अली यांनी तशी एक प्रत तयार केली होती, अशी वार्ता आहे. पण ती कोणाला लाभली नाही. पुढच्या पिढीतील बसऱ्याचे विद्वान इब्न सीरीन यांनी हाच प्रश्न इक्रिमा या भाष्यकाराला विचारला. सारी माणसे आणि सारे जिन्न एकत्र आले तरी ते साधणार नाही, असे उत्तर मिळाले. ते उत्तर यथार्थ होते. एकाच अध्यायात वेगवेगळ्या वर्षांची वचने गुंफलेली असता त्यांना काळाच्या सूत्रात ओवायचे, म्हणजे पठणात रूढ झालेले अध्यायच उसकटायचे. ते समाजाला मान्य होणे शक्य नव्हते. तेव्हा संहितेला हात लावायचा नाही आणि तिचा इतिहास बाजूला जपायचा, हा मार्ग स्वीकारला गेला.

या इतिहासाचे एक स्वतंत्र शास्त्रच बनले. कोणते वचन कोणत्या प्रसंगी अवतरले हे सांगणाऱ्या वृत्तांतांना अरबीत ‘अस्बाब अन्-नुजूल’ आणि उर्दूत ‘शाने-नुजूल’ म्हणतात. इब्न मसऊद म्हणत, की प्रत्येक अध्याय कोठे अवतरला हे आपल्याला ठाऊक आहे, आणि याहून अधिक जाणणारा कोणी असेल तर उंटावर बसून आपण त्याच्याकडे जाऊ. पण दोन पिढ्यांत ही खात्री ओसरू लागली. इब्न सीरीन यांनी एका वचनाविषयी विचारले, तेव्हा उबैदा या वृद्ध विद्वानाने, ईश्वराचे भय बाळग, ज्यांना हे ठाऊक होते ते निघून गेले, असे म्हणून त्यांना थांबविले. निशापूरचे अल्-वाहिदी (मृत्यू १०७६) यांनी या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तो याच दंडकावर, की ज्यांनी प्रसंग पाहिला त्यांच्यापासून साक्षीची साखळी पोचत नसेल तर तर्काने काही बोलू नये. कैरोचे अल्-सुयूती (मृत्यू १५०५) यांनी साऱ्या मतांची छाननी केली. एकाच वचनाला दोन प्रसंग सांगितले असतील तर दोन्ही लिहावे, साक्ष दुर्बळ असेल तर तसे म्हणावे, अशी त्यांची पद्धत. खुद्द ‘अल्-फातिहा’ मक्की की मदनी याविषयीही मतभेद होता. बहुतेकांनी तिला मक्की मानले, काहींनी मदनी, आणि ती दोनदा अवतरली असावी असेही कोणी म्हटले. ही सारी मते पुसून न टाकता पुढील पिढीच्या स्वाधीन केली गेली.

हे शास्त्र केवळ पंडितांच्या कौतुकाचे नाही. नवव्या अध्यायाकडे पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व पटते. ११४ अध्यायांपैकी हाच एक ‘बिस्मिल्ला’वाचून सुरू होतो. मूर्तिपूजक टोळ्यांशी युद्धाची भाषा त्याच्या आरंभी आहे, आणि तेवढेच वचन तोडून आजवर दोन तऱ्हेच्या लोकांनी वापरले आहे. एकाने त्यातून सर्वकाळच्या वैराची आज्ञा काढली, दुसऱ्याने त्यावरून साऱ्या मुसलमानांवर आरोप ठेवला. त्याच्या माथ्यावर ‘मदनी’ हा शब्द आहे, आणि परंपरा त्याचे वर्षही सांगते. हिजरी नवव्या वर्षी, म्हणजे ६३१ साली, हजयात्रेच्या मेळ्यात हजरत अली यांनी तो आरंभ जाहीररीत्या वाचून दाखविला. त्यापूर्वी हुदैबियाचा तह मोडला गेला होता. त्या घोषणेत चार महिन्यांची मुदत दिलेली आहे. ज्यांनी करार पाळला त्यांच्याशी मुदत संपेपर्यंत करार पाळावा असे म्हटले आहे. आणि विरोधकांपैकी कोणी आश्रय मागितला तर तो देऊन त्याला सुरक्षित जागी पोचवावे, असेही लगोलग सांगितले आहे. विधिज्ञांनी या वचनांवर पुढे निरनिराळे निर्णय दिले, हे खरे. परंतु प्रसंग, मुदत आणि अपवाद तिन्ही गाळून एक वाक्य उचलणे हा कोणत्याही परंपरेचा अर्थ नव्हे.

याच्या उलट टोकाची चूकही होऊ शकते. प्रत्येक वचनाला एकेक गोष्ट चिकटविली, की वचनाचा अर्थ त्या गोष्टीपुरताच उरतो. म्हणून विधिज्ञांनी नियम घातला, की शब्द व्यापक असेल तर अर्थ व्यापकच घ्यावा. प्रसंग एकाचा असला तरी बोध सर्वांना आहे. खौलेचे गाऱ्हाणे एकटीचे होते, नियम सर्व स्त्रियांसाठी झाला. दिल्लीचे शाह वलीउल्ला (१७०३–१७६२) यांनी आपल्या फारसी ग्रंथात हेच बजावले. भाष्यकारांनी वचनांमागे कथांचा नको इतका पसारा मांडला; माणसांच्या चुकीच्या समजुती, अन्याय आणि विस्मरण हेच बहुतेक वचनांचे खरे कारण आहे, असा त्यांचा अभिप्राय होता.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय पंडितांनी या विषयात लक्ष घातले. जर्मन विद्वान थिओडोर नोल्डके यांनी १८६० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भाषाशैलीच्या आधारे मक्की अध्यायांचे तीन कालखंड पाडले आणि मदनी हा चौथा धरला. त्यांचा क्रम परंपरेहून तपशिलात वेगळा असला, तरी मक्का-मदिना ही मूळ विभागणी त्यांनीही पायाभूत मानली. पुढच्या काही संशोधकांनी आणखी कडक प्रश्न विचारले. पुष्कळशा प्रसंगकथा वचनांचा अर्थ लावण्यासाठी मागाहून रचल्या गेल्या असाव्यात, असे त्यांचे मत पडले. १९२४ साली कैरो येथे निघालेल्या सरकारी प्रतीत प्रत्येक अध्यायाच्या माथ्यावर तो मक्की की मदनी, त्यातील कोणती वचने अपवाद आणि तो कोणत्या अध्यायामागून अवतरला, हे छापले गेले. त्या प्रतीच्या प्रसाराने ही जुनी माहिती सर्वसामान्य वाचकापर्यंत पोचली.

या कामाचा एक धागा हैदराबादशी जुळतो. मार्माड्यूक पिक्थॉल हे इस्लाम स्वीकारलेले इंग्रज लेखक निजामाच्या सेवेत होते. कुराणाच्या भाषांतरासाठी निजाम सरकारने त्यांना पगारी रजा दिली आणि १९३० साली त्यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. ग्रंथाचा रूढ क्रम त्यांनी तसाच ठेवला. पण अध्यायांच्या आरंभी त्यांचे नाव, काळ व प्रसंग सांगणारी छोटी टिपणे जोडली. विनोबा भावे यांनी अरबीचा अभ्यास करून ‘कुराण-सार’ सिद्ध केले, तेव्हा वेगळा मार्ग धरला. त्यांनी निवडक वचने विषयवार लावली. एकाने वाचकाला प्रसंगाजवळ नेले, दुसऱ्याने प्रसंगापलीकडच्या बोधाकडे. आणि दोघांनीही मूळ संहितेचा क्रम बदलल्याचा दावा केला नाही.

अलीकडच्या काळात जुन्या लिखितांनीही या विषयावर प्रकाश टाकला आहे. १९७२ साली येमेनमधील सना येथील मोठ्या मशिदीची डागडुजी चालू असता जुन्या चर्मपत्रांचा साठा सापडला. त्यातील एका हस्तलिखितात पुसून टाकलेल्या खालच्या लेखनात अध्यायांचा क्रम रूढ क्रमाहून वेगळा आढळतो; उस्मानी प्रतीखेरीज इतर क्रमही एके काळी होते, या परंपरेच्या सांगण्याला त्याने पुष्टीच मिळाली. २०१५ साली बर्मिंगहॅम विद्यापीठाने आपल्या संग्रहातील दोन पानांची कर्बमापनाने परीक्षा झाल्याचे जाहीर केले. ती पाने ज्या कातड्याची आहेत ते ५६८ ते ६४५ या वर्षांच्या दरम्यानचे असावे, असा निष्कर्ष निघाला. हा काळ कातड्याचा आहे, शाईचा नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावयास हवे. ही पाने अल्फॉन्स मिंगाना यांनी जमविलेल्या संग्रहातील आहेत. ते मूळचे इराकमधील, खाल्डियन ख्रिस्ती संप्रदायाचे धर्मगुरू होते. त्या दोन पानांवर १८ ते २० या अध्यायांचे अंश आहेत. त्यांत ‘मरियम’ अध्यायाची वचनेही आहेत, ज्या अध्यायाचा आरंभ ऐकून नजाशीने निर्वासितांना अभय दिले, असे सांगतात.

त्या पानांवर मात्र ‘मक्की’ हा शब्द नाही. प्राचीन लेखनिकांनी वचने तेवढी लिहिली; त्यांचा इतिहास माणसांच्या तोंडी राहिला. पुढे तो ग्रंथांत आला, आणि आता तो पट्टीत छापला जातो, तरी पठणाच्या वेळी भाविक तो ओलांडूनच पुढे जातो. त्या पट्टीशी क्षणभर थांबण्याचे काम वाचकाचे आहे. हे शब्द कोणत्या गावी, कोणाच्या दुःखात, कोणत्या वर्षी उच्चारले गेले असे आपले पूर्वज मानीत होते, हे तेथे थांबणाऱ्याला कळते. आणि शेजाऱ्याच्या धर्मग्रंथाविषयी बोलण्यापूर्वी एवढे जाणून घेणे हा त्या शेजाऱ्याचा हक्क आहे.